येसर, सुकडी आणि सूपचं पाकीट



भोकरदन तालुक्यातल्या एका ताईंनी प्रश्न पाठवला होता. त्या शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगच्या कामाला जातात. सकाळी लवकर घर सोडायचं आणि दिवस मावळताना परत यायचं. घरी आल्यावर भाकरी थापेपर्यंत पोरं भुकेनं रडकुंडीला येतात. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. गावातल्या दुकानातून क्रीम सूपचं पाकीट आणायचं, ते पाण्यात कालवायचं आणि बटाटा-फ्लॉवरच्या भाजीत ओतायचं. पाच मिनिटांत दाट कालवण होतं आणि पोरंही बोटं चाटून खातात. सासूबाई मात्र म्हणतात, "पाकिटावर संसार होतो का? आमच्या वेळी असले लाड नव्हते." ताईंचा प्रश्न एवढाच आहे, "माझं चुकतंय का?"

या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येईल, पण ते खरं होणार नाही. पाणी घातलं की तयार होणारी पूड आपल्या स्वयंपाकघरात कुठून आली, कुणी केली, कुणासाठी केली, हे आधी पाहायला हवं. म्हणून आजचा विषय पाककृतीचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे.

सुरुवात सासूबाईंच्याच डब्यापासून करू. आपल्या जालना, परभणी, बीड भागातल्या जुन्या घरांत फळीवर एक डबा हमखास असायचा, येसरचा. काही गावांत त्याला येसवार म्हणतात, काही ठिकाणी येसूर. ज्वारी किंवा बाजरी, थोडे गहू, हरभऱ्याची डाळ, मूठभर तांदूळ असं धान्य वेगवेगळं खमंग भाजायचं. धने, जिरे, लाल मिरची, लवंग, दालचिनी, दगडफूल, तेजपान हेही भाजून घ्यायचं आणि सगळं एकत्र दळायचं. घराघरात प्रमाण वेगळं, पण रीत एकच. पाहुणा अवेळी आला, घरात भाजी नाही, डाळ शिजवायला वेळ नाही, तर दोन मोठे चमचे येसर थंड पाण्यात कालवायचं, लसणाची फोडणी द्यायची, पाणी ओतायचं आणि उकळी आणायची. झाली आमटी. भाकरी कुस्करून खायला तिच्यासारखं कालवण नाही. लग्नघरी तर येसर आणि मेतकूट करण्याचा वेगळा दिवस असायचा आणि त्यासाठी भावकीतल्या बायका जमायच्या.

आता नीट पाहा. येसरमधलं धान्य आमटीला दाटपणा देतं आणि मसाला चव देतो. भाजल्यामुळे धान्यातला ओलावा जातो, त्यामुळे पूड टिकते, कीड लवकर लागत नाही आणि कच्चट वासही राहत नाही. दुकानातल्या सूपच्या पाकिटात काय असतं? दाटपणासाठी मैदा किंवा मक्याचं पीठ, चवीसाठी मीठ, साखर, मसाला आणि दुधाची पावडर. काम तेच. गरम पाण्यात एकदम टाकलं तर गुठळ्या होतात, म्हणून आधी थंड पाण्यात कालवायचं, हा नियमही दोन्हीकडे तोच. पिठाच्या कणाला एकदम गरम पाणी लागलं की त्याची बाहेरची बाजू चिकट होते आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. आपल्या आज्यांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं, हाताला कळलं होतं.

येसर एकटंच नाही. सातूचं पीठ आहे, गूळ आणि दूध किंवा पाणी घातलं की खायला तयार. हे तर फार जुनं आहे. ऋग्वेदात सक्तू चाळणीनं चाळण्याचा उल्लेख येतो आणि आपला सातू शब्द त्याच सक्तूवरून आला. थालिपीठाची भाजणी आहे. मऊ भातावर घालायचं मेतकूट आहे. संस्कृतात मसाल्याच्या पुडीला वेसवार असा शब्द आहे. त्याच्याशेजारी आपलं येसवार ठेवून पाहा, नातं कानालाच कळतं. म्हणजे पाण्यात कालवून पटकन पोट भरायची कल्पना कुठल्या कंपनीनं आपल्याला शिकवलेली नाही.

पण इथं एक हिशेब करायचा राहून जातो. येसरची आमटी दहा मिनिटांत होते, हे खरं. येसर मात्र दहा मिनिटांत होत नाही. धान्य निवडायचं, वाळवायचं, चुलीपुढे बसून एकेक जिन्नस भाजायचा आणि मग जात्यावर दळायचं. गावोगावी विजेवरची गिरणी येण्याआधी रोजचं पीठसुद्धा बाई पहाटे उठून जात्यावर दळत होती. त्या दळणाच्या वेळी म्हटलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुढे गावोगाव फिरून जमवल्या. लाखाच्या वर ओव्या मिळाल्या. एवढ्या ओव्या रचल्या गेल्या, याचा अर्थ किती पहाटा त्या दगडापाशी गेल्या असतील, याचा विचार करा. सासूबाई म्हणतात त्यांच्या वेळी लाड नव्हते, ते अगदी बरोबर आहे. त्यांच्या वेळीही झटपट आमटी होती. त्या झटपटपणाची किंमत घरातल्याच बाईनं आधी चुकती केलेली होती आणि ती कुठल्या वहीत मांडलेली नव्हती.

आता जरा लांब जाऊ, स्वित्झर्लंडला. शंभर-सव्वाशे वर्षांपेक्षा थोडं मागे. तिथं कारखाने वाढले आणि बायका कारखान्यात कामाला जाऊ लागल्या. दिवसाचे दहा-अकरा तास यंत्रापुढे उभं राहायचं, घरी येऊन चूल पेटवायला ताकद नाही आणि वेळही नाही. मग कष्टकऱ्यांच्या घरी पाव, बटाटे, कॉफी, नाहीतर दारू यांवर दिवस निघायचा. मुलं अशक्त होऊ लागली. फ्रिडोलिन शुलर नावाचे डॉक्टर तिथं कारखान्यांचे तपासनीस होते. त्यांनी म्हटलं, डाळी-कडधान्यं स्वस्त आहेत, पौष्टिक आहेत, पण शिजायला वेळ लागतो. ती लवकर शिजतील असं काही करा. लोककल्याणाचं काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं हा विषय हाती घेतला आणि केम्पटालच्या एका पिठाच्या गिरणीवाल्यानं प्रयोग सुरू केले. त्याचं नाव यूलियस मागी. १८८४ मध्ये त्यानं कडधान्याचं झटपट शिजणारं पीठ बाजारात आणलं आणि १८८६ मध्ये वाटाण्याचं व घेवड्याचं तयार सूप. आज आपली पोरं ज्या नावानं शेवया मागतात, ते मॅगी नाव याच गिरणीवाल्याचं.

म्हणजे पाहा, सूपची पूड सुरू झाली ती कामाला जाणाऱ्या, दमून घरी येणाऱ्या बाईसाठी. हौसेची मेजवानी म्हणून नव्हे. भोकरदनच्या ताईंची जी अडचण आहे, नेमकी त्याच अडचणीतून ते पाकीट जन्मलं. त्यात वाटाणा होता, घेवडा होता, म्हणजे आपल्या भाषेत डाळीचं पीठ होतं. येसरची चुलत बहीणच म्हणा.

दुसरी एक वाट लष्कराची आहे. १८६७ मध्ये बर्लिनच्या ग्र्यूनेबेर्ग नावाच्या स्वयंपाक्यानं वाटाण्याचं पीठ, चरबी आणि मसाला एकत्र करून एक लांबट गोळा केला. तुकडा तोडायचा, पाण्यात उकळायचा की सूप तयार. १८७० च्या फ्रान्सबरोबरच्या लढाईत प्रशियाच्या सैनिकांना हाच शिधा दिला गेला. पुढे त्याचं उत्पादन हाइलब्रॉन गावच्या क्नोर घराण्याच्या कारखान्यात गेलं. दुकानात लटकणाऱ्या सूपच्या पाकिटांवर आज जे क्नोर नाव दिसतं, ते हेच.

क्रीम सूप भाजीत ओतायची युक्ती मात्र अमेरिकेतली. १८९७ मध्ये कॅम्पबेल कंपनीतल्या जॉन डोरन्स या रसायनतज्ज्ञानं सूप आटवून डब्यात भरलं, पाणी कमी म्हणून डबा लहान आणि स्वस्त. १९३४ मध्ये याच कंपनीनं अळंब्यांचं क्रीम सूप काढलं. बायकांनी काय केलं? ते सूप म्हणून पिण्यापेक्षा भाजीत घालायला सुरुवात केली. इंग्रजी पद्धतीच्या स्वयंपाकात लोण्यावर मैदा परतून, थोडं थोडं दूध घालत पांढरा रस्सा करावा लागतो. हात थांबला की गुठळी, लक्ष गेलं की करपतं. डबा फोडला की तो रस्सा तयार मिळे. १९५५ मध्ये कंपनीच्याच प्रयोगाच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी फरसबीच्या शेंगा, क्रीम सूप आणि तळलेला कांदा एवढ्यावर एक भाजी बसवली. ती आजही अमेरिकेत सणाच्या ताटात असते. तिथंही तेव्हा कुणीतरी म्हटलं असेलच, डबे फोडणं म्हणजे काय स्वयंपाक?

आता आपल्याकडे येऊ. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी परतूर परभणीत आणि बाकीचे तालुके औरंगाबादेत होते. जालना सोन्याचा पालना म्हणतात ते इथल्या बाजारपेठेमुळे. १९०० साली मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे झाली आणि धान्य-कापसाचा व्यापार आणखी वाढला. पण याच जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पिशवीतून आलेलं परकं अन्न पहिल्यांदा कधी खाल्लं? ती सूपचं नाव घेणार नाहीत. ती बहात्तरचा दुष्काळ सांगतील.

१९७२. पाऊस नाही, विहिरी आटल्या, ज्वारी हातची गेली. बायका-माणसं खडी फोडायला, नाला-बंडिंगच्या, पाझर तलावाच्या कामावर गेली. रोजगार हमी योजनेची सुरुवात त्याच काळातली. पुढे तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापली तर चिरा पडायच्या आणि गार झाली की दातानं तुटायची नाही. कामावर सुकडी वाटली जायची, गोडसर, कोरडी, भुरभुरीत. शिजवायचं नाही, मुठीत घ्यायची आणि खायची. दिवसभर खडी फोडून चूल पेटवायला ना जळण, ना पाणी, ना जीव. सुकडीनं तेव्हा कित्येक लेकरं जगवली. तिला नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. पण ती आठवली की म्हातारी माणसं गप्प होतात, हेही खरं. कारण ते अन्न आपल्या हातचं नव्हतं. कुणीतरी ओंजळीत घालत होतं आणि आपण घेत होतो.

शहरांत तेव्हा वेगळी गोष्ट चालू होती. पुण्यात १९६३ मध्ये गिट्स कंपनी सुरू झाली आणि गुलाबजाम, ढोकळा, इडली यांची तयार पिठं पाकिटांत मिळू लागली. १९८३ च्या सुमारास मॅगीच्या शेवया भारतात आल्या. मग सूपची पाकिटं आली. आधी शहरातल्या मोठ्या दुकानात, मग तालुक्याला, आणि आता पाच-दहा रुपयांच्या लहान पुड्यांच्या माळा होऊन गावातल्या टपरीवर.

आणि अंगणवाडीतही पाकीट आलं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. सहा महिने ते तीन वर्षांची लेकरं, गरोदर आणि स्तनदा माता यांना घरी न्यायचा आहार द्यायचा असतो. आपल्या राज्यात तो कित्येक वर्षं शिरा, उपमा अशा तयार पिठाच्या पुड्यांत दिला गेला. आता प्रश्न असा की हे पीठ भाजायचं, दळायचं आणि भरायचं कुणी? सर्वोच्च न्यायालयानं अन्नाच्या हक्काच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ ला सांगितलं होतं, अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नको, गावसमाज, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडून काम घ्या. तरीही आपल्या राज्यात निविदांच्या अटी अशा लागल्या की लहान गटाला उभंच राहता येऊ नये. काही महिला बचत गट न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निविदा रद्द केल्या आणि अटी बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या आहेत हे मान्य केलं.

हा निकाल मला आपल्या येसरच्या डब्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या भाजणी भाजणारी, येसर दळणारी बाई आहे. त्याच कामाचा ठेका निघाला, त्याला पैसा मिळायला लागला, तेव्हा मात्र तिला सांगण्यात आलं की तुझी पात्रता नाही. घरात होतं तोवर ते बाईचं काम, आणि त्याचं बिल निघायला लागलं की ते दुसऱ्याचं. त्याउलट १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्यातून लिज्जत उभी राहिली. पापड लाटणं काही नवं नव्हतं. नवं एवढंच होतं की लाटणारीच मालकीण होती.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. ताई, तुमचं चुकत नाही. दिवसभर कळ्या उकलून, हातानं परागीकरण करून, कमरेत वाकून आलेल्या बाईनं पाच मिनिटांत कालवण केलं, तर तो आळस नव्हे. पण पाकीट घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, मागची बाजू वाचा. कायद्याप्रमाणे जे सर्वात जास्त ते यादीत सर्वात आधी लिहावं लागतं. सुरुवातीलाच मैदा, मक्याचं पीठ, साखर असेल आणि भाजीचं नाव शेवटी असेल, तर तुम्ही भाजी विकत घेत नाही, पीठ घेताय हे समजून घ्या.

दुसरी, मीठ. पाकिटावर ते सोडियम म्हणून लिहिलेलं असतं. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे सोडियम दोन हजार मिलिग्रॅम. लेकरांना त्याहून कमी. पाकिटावरचा आकडा एका वाटीचा आहे की शंभर ग्रॅमचा तेही बघा. आणि पाकीट भाजीत घातलं तर वरून मीठ टाकू नका. खरी चूक बहुतेक इथंच होते. भाजीत एकदा, पाकिटात एकदा, वर लोणचं आणि पापड.

तिसरी, वर्षाखालच्या बाळाला ते देऊ नका आणि घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर त्यांचं कालवण आधी बाजूला काढा.

आणि सुटीच्या दिवशी अर्धा तास मिळाला तर हे करून ठेवा. एक वाटी ज्वारीचं पीठ मंद आचेवर खमंग भाजा. गार होऊ द्या. त्यात अर्धी वाटी दुधाची पावडर, दोन लहान चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक लहान चमचा मिरपूड आणि दोन लहान चमचे मीठ घाला. कोरड्या बरणीत भरा, ओला चमचा घालू नका. दीड-दोन मोठे चमचे पूड वाटीभर थंड पाण्यात कालवून भाजीत ओता आणि चांगली उकळी काढा. आठ-दहा वाट्यांचं कालवण होतं आणि वाटीमागे मीठ साधारण एका ग्रॅमच्या आसपास. दूध नको असेल तर सरळ येसर वापरा. पोरांना तिखट लागत असेल तर मिरची कमी घालून त्यांच्यापुरतं वेगळं दळून आणा. आता गिरणी आहे, जातं ओढायचं नाही.

हे भाजायचं काम एकट्या ताईंवर टाकू नका, एवढं मात्र मी सासूबाईंना सांगेन, आणि घरातल्या पुरुषांनाही. निवडायला, गिरणीवर न्यायला, कढईत हलवायला कुणाचाही हात चालतो.

बचत गटातल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. येसर, मेतकूट, भाजणी यांना गिऱ्हाईक आहे. शहरात गेलेल्या लेकी-सुना गावाहून डबे मागवतात, ते आपल्याला माहीत आहे. विकायचं तर अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर लागतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये केंद्राची योजना आली, तिच्यात गटातल्या सभासदाला खेळत्या भांडवलासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम मिळण्याची आणि यंत्रांवर पस्तीस टक्के अनुदानाची तरतूद आहे. आज ती कशी चालू आहे, कागद काय लागतात, हे तालुका कृषी कार्यालयात किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. एकट्या जाऊ नका, चौघी मिळून जा.

आणि दळायला घ्याल तेव्हा आधी वही काढा. धान्याचे पैसे, जळणाचे, गिरणीचे लिहाल, त्याखाली आपल्या मजुरीचाही आकडा लिहा. भाजायला किती तास लागले, कुणाला लागले, तेही मांडा. आपल्या आज्यांच्या वहीत तो रकाना नव्हता.

ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याकडे येसरचं प्रमाण तोंडपाठ असेल. ते लिहून घ्या आणि आम्हाला कळवा, पुढच्या वेळी इथंच वाचून दाखवू.

नमस्कार.